ताईने सांगितलेलं तळं

प्रकाशकाचा फोन आला तेव्हा धाकटी ब्रश धूत होती. फोन संपला तरी ती तोच ब्रश धूत राहिली. ब्रशातून पाणी केव्हाच स्वच्छ येऊ लागलं होतं.

धाकटी म्हणजे कोणी पोरगेलीशी मुलगी नव्हे. छप्पन्न वर्षांची बाई, डोक्यावर काळ्यापेक्षा पांढरे केस जास्त, आणि चित्रकार म्हणून नाव असं की तिच्या प्रदर्शनाला लोक ठेवणीतले कपडे घालून येत. पण तिला धाकटी म्हणणारं एकच माणूस आता जगात उरलं होतं, ते म्हणजे तिची ताई. ही गोष्ट त्या दोघींची आहे, तेव्हा आपणही तिला धाकटीच म्हणू. मोठ्या नावाने हाक मारून तिला आणखी हरभऱ्याच्या झाडावर चढवायला नको.

प्रकाशकाचं म्हणणं साधं होतं. पुस्तक तयार होतं. तळ्याकाठच्या बालपणाची चाळीस चित्रं, आणि प्रत्येकाखाली धाकटीच्या शब्दांत चार ओळी: मी इथे शेळ्या चारायचे, मी इथे खंड्या पाहिला, मी इथे घसरून पाण्यात पडले. छपाईला जायच्या आधी त्याला एक झकास कल्पना सुचली होती. प्रकाशकांना झकास कल्पना नेमक्या छपाईच्या आधीच सुचतात.

“बाई, शेवटी आठ पानं फोटोंची टाकू,” तो म्हणाला. “तुमचं खरं तळं, आज कसं दिसतं ते. चित्रं बघून झाली की वाचकाला वाटतंच ना, ही जागा आहे तरी कुठे. आपला फोटोवाला गुरुवारी मोकळा आहे. तुम्ही फक्त पत्ता पाठवा. स्वतः बरोबर गेलात तर दुधात साखर.”

“पाठवते,” धाकटी म्हणाली. दुसरं काय म्हणणार? त्या तळ्यावर ती उभ्या जन्मात गेली नव्हती.

झालं होतं ते असं. धाकटी सात वर्षांची असताना तिच्या खुब्याच्या हाडाला दुखणं लागलं आणि डॉक्टरांनी तिला कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये घातलं. त्याच सुमाराला बाबांना दुसऱ्या गावी काम मिळालं. भांडी, गाद्या आणि गाद्यांवर आडवी ठेवलेली धाकटी, असं सगळं बिऱ्हाड एका संध्याकाळी टेम्पोतून त्या गावात पोचलं. येताना तिला दिसलं ते फक्त आकाश. मग दोन वर्षं एक खोली आणि एक खाट. खाटेच्या डाव्या अंगाला खिडकी, खिडकीत शेजारच्या घराची भिंत, आणि भिंतीवरून डोकावणारा एका झाडाचा शेंडा. तिच्या वाट्याला आलेलं गाव एवढंच.

बाकीचं गाव ताई घेऊन यायची. ताई तेव्हा अकरा वर्षांची होती. ती सकाळी शेळ्या घेऊन तळ्यावर जाते, असं तिने धाकटीला सांगितलं होतं. संध्याकाळी आली की ती खाटेजवळ जमिनीवर बसून दिवस सांगायची. एक शेळी फाटक्या कानाची होती, तिला पाण्याची भीती वाटायची. एक बदक सगळ्यांना सोडून एकटंच पोहायचं. आज पाणी कुठल्या दगडापर्यंत आलं, खंड्या कुठल्या फांदीवर बसला, सगळं. धाकटी ते पाटीवर काढायची, आणि ताई मान वाकडी करून म्हणायची, “अंहं, राणीसरकार. शेपटी एवढी लांब नव्हती. पुसा आणि पुन्हा काढा.” एका दिवसासारखा दुसरा दिवस ताईने कधी सांगितला नाही. रोज दुपारी बाराला तळ्यापलीकडे ढग गडगडायचे, ते मात्र धाकटीलाही ऐकू यायचं. खिडकीची काच वाजायची, खाट थरथरायची. “आई, पाऊस येणार?” ती विचारायची. आई म्हणायची, “गरजेल तो पडेल काय, बाळा.”

नवव्या वर्षी मामा तिला मोठ्या इस्पितळासाठी शहरात घेऊन गेला, आणि ती तिकडचीच झाली. पाय बरा झाला, शाळा झाली, मग कलाशाळा झाली. वर्षभरात आई-बाबांनीही ते गाव सोडलं. तिथे परत जायचं कोणाला काही कारणच उरलं नाही.

कलाशाळेत तिने पहिलं तळं काढलं. शिक्षक चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, “कुठलं हे?” “आमच्या गावचं,” ती म्हणाली. इथवर ठीक होतं. “तू जायचीस इथे?” त्यांनी पुढे विचारलं. आणि ती “हो” म्हणाली. एक अक्षर. पण त्या एका अक्षरावर तिने पुढे सगळा इमला चढवला. मुलाखतीत ती सांगायची, मी अनवाणी जायचे, माझ्या पायाला चिखल लागायचा, माझी फाटक्या कानाची शेळी. लोक उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात. हिने तर खाटेवरून हाकल्या, आणि त्याही दुसऱ्याच्या. ताईचा उल्लेख तिने एकाही मुलाखतीत केला नाही. मुद्दाम टाळला असंही नाही. विषयच निघाला नाही, असं ती स्वतःला सांगायची, आणि विषय निघू नये याची काळजीही तीच घ्यायची.

टीकाकारांना तिच्या दोन गोष्टी फार आवडत. एक म्हणजे प्रत्येक चित्रात पाण्यापलीकडे उभा असलेला काळा ढग. त्याच्यावर एकाने तर अख्खा लेख पाडला होता. दुसरी गोष्ट तिचा हिरवा रंग. खिडकीतल्या त्या शेंड्याचा फिकट, पांढुरका हिरवा, जो तिने स्वतःच्या डोळ्यांनी दोन वर्षं पाहिला होता. रंगांचा दुकानदार म्हणायचा, “बाई, हा हिरवा आजारी आहे. ह्याला औषध द्या.” ती हसायची. सगळं उसनं असलं तरी तेवढा रंग आपला आहे, असं तिला वाटायचं.

आणि उसनं संपत नव्हतं. ताईचं लग्न होऊन ती त्याच भागात, तिथून तासाभरावरच्या गावात नांदत होती. दर रविवारी सकाळी धाकटी तिला फोन लावायची. स्पीकर चालू, हातात कोळशाची कांडी, पुढ्यात कोरा कागद. “भाऊजींचा गुडघा कसा आहे?” ती विचारायची. गुडघ्यात तिला काडीचा रस नसे. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? दोन मिनिटांनी ती म्हणायचीच, “ताई, सांग की एखादा दिवस.” आणि ताई सांगायची. इतक्या वर्षांपूर्वीचा कुठलातरी मंगळवार, आज सकाळी पाहिल्यासारखा.

आता गुरुवारी तिथे फोटोवाला जाणार होता. तळ्याची वाट कुठून फुटते, उतार कुठल्या बाजूला आहे, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. त्याने विचारलं, बाई, तुम्ही कुठून घसरलात, तर ती काय दाखवणार होती? तिने ठरवलं की आधी आपण एकटीने जाऊन सगळं बघून यायचं. तिने ताईला फोन केला.

“ये की,” ताई म्हणाली. “पण तिकडे कशाला जातेस? तिकडे काय ठेवलंय?”

“तळं तर असेल ना?”

ताई खळखळून हसली. “असेल की! जाईल कुठे? बदकांना माझा नमस्कार सांग.”

धाकटीला जरा बरं वाटलं.

बस सकाळची होती. उतरल्यावर तिने रिक्षा केली आणि तळ्यावर न्यायला सांगितलं. रिक्षावाला चाळिशीतला, बोलका माणूस होता. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

“तळं? बाई, इथे प्यायचं पाणी टँकरने येतं.”

“जुनं तळं. पन्नास वर्षांपूर्वीचं. शेळ्या न्यायचे तिथे.”

“इथे शेळी काय खाणार? दगड?” तो म्हणाला. “माझे आजोबा इथलेच होते. तळ्याचं नाव त्यांनीही कधी काढलं नाही. तुम्ही दुसऱ्याच गावात उतरलात.”

“गाव हेच आहे. तू चल तर खरा.”

तो निघाला. गिऱ्हाईक वेडं असलं तरी गिऱ्हाईकच. गाव संपलं, रस्ता वर चढू लागला, आणि धाकटीने एकदम त्याच्या खांद्याला हात लावला.

“थांबव.”

रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडं होती आणि त्यांच्यावर तिचा हिरवा होता. फिकट, पांढुरका, आजारी. एखाददुसऱ्या पानावर नव्हे, तर नजर जाईल तिथवर प्रत्येक झाडावर तोच. ती उतरली. एका खालच्या फांदीचं पान तिने हातात धरलं आणि त्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला पीठ लागलं. पान खाली साधं हिरवंगार होतं, कुठल्याही गावातल्या कुठल्याही झाडाचं असतं तसं.

“धूळ आहे ती,” रिक्षावाला म्हणाला. “वर दगडाची खाण आहे ना. पाऊस पडला की दोन दिवस धुऊन निघतात, परत आपलं तेच.”

तिने तीस वर्षं तो रंग मिसळला होता. हिरवा, त्यात राखाडी, त्यात कणभर पांढरा. तिच्या हातून तो आता कधी चुकत नसे.

वर भोंगा वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. “कानावर हात ठेवा,” रिक्षावाला म्हणाला, “बारा वाजले, सुरुंग उडणार.” तिने ठेवले नाहीत. जमीन हलली, पायांतून वर छातीपर्यंत काहीतरी आलं, आणि तो आवाज तिने ओळखला. टेकाडामागून ढग वर चढू लागला. तो पांढरा होता. तिने आयुष्यभर तो काळा काढला होता.

खाणीच्या तोंडाशी चार-पाच बायका फडक्याच्या सावलीत बसून हातोडीने दगड फोडत होत्या. “आता मशीनच सगळं करतं,” रिक्षावाला म्हणाला. “ह्या उरल्यासुरल्या. पूर्वी सगळं हातानेच होतं. बायका, पोरी, सगळ्या इथेच. माझी आईही होती.” त्याने आणखी बरंच काही सांगितलं, पण धाकटीच्या पायाखालची वाळू सरकली होती आणि तिला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. बाबा रस्त्याच्या कामावर जातात, असं तिला सांगितलेलं होतं. ताई शेळ्यांमागे जाते, असं सांगितलेलं होतं.

ताईच्या घरी पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. तेवढ्या वेळात धाकटीचं भेदरलेपण जाऊन त्याच्या जागी राग आला होता. माणसाला लाज वाटू लागली की आधी राग येतो. तो सोयीचा असतो. ताई अंगणात चटईवर बसून शेंगा सोलत होती. एका बाजूला शेंगांची टोपली, समोर दाण्यांचं पातेलं. भाऊजी आत झोपले होते.

“आलात राणीसरकार!” ताई म्हणाली. “काय म्हणाली बदकं?”

“तळं नाहीये, ताई.”

“नाहीये?” ताईने गालावर हात ठेवला आणि डोळे मोठे केले. “अगं बाई! कोणी नेलं?”

“थट्टा पुरे. मी आत्ता तिथून आले. तिथे खाण आहे. तिथे कधीच तळं नव्हतं. तू मला खोटं सांगितलंस. तेव्हाची दोन वर्षं, आणि पुढे दर रविवारी. आता फोटोवाला येणार, आणि चारचौघांत पितळ उघडं पडणार ते माझं. तुझं काय जातंय?”

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. “थांब,” ती म्हणाली. “म्हणजे तुला खरंच वाटत होतं?”

“काय?”

“की तळं आहे.”

“मग काय वाटणार होतं?”

“अगं, लहानपणी ठीक आहे. लहानपणी तुला खरं वाटावं म्हणूनच सांगत होते. पण नंतर? एवढी शिकलीसवरलीस, देश फिरलीस. त्या माळावर तळं कुठून येणार? मला वाटलं, तुला केव्हाच उमगलं असेल आणि आपला खेळ चाललाय. तू म्हणायचीस, सांग की एखादा दिवस. म्हणून मी आठवडाभर मनात जमवत असायचे. कपडे वाळत घालताना काही सुचलं की म्हणायचे, हे रविवारी धाकटीला. मागच्या वर्षीचं ते उलटं पडलेलं कासव आठवतंय? ते मला दुधाच्या रांगेत सुचलं.”

कासवाचं चित्र पुस्तकाच्या मुखपृष्ठावर होतं. धाकटी चटईच्या कडेला बसली.

“आणि मुलाखतींत मी जे सांगायचे ते?”

“ते तर मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे! मी रोज अनवाणी तळ्यावर जायचे म्हणे. म्हटलं, बघा, आमची धाकटी कशी बेमालूम थापा मारते. तळं नाही, शेळ्या नाहीत, आणि ही बया खाटेवर! मला वाटायचं, आपण दोघी मिळून सगळ्या जगाला गंडवतोय. हसून हसून पोट दुखायचं माझं.”

ती आताही हसली, पण ते हसू मध्येच थांबलं. धाकटीला ते थांबताना दिसलं. ताईने शेंग खाली ठेवली.

“एक मिनिट,” ती म्हणाली. “तुला ते सगळं खरं वाटत होतं. म्हणजे मी ते पाहिलं, मी तिथे गेले, असंच तुला वाटत होतं.”

“हो.”

“आणि तरी तू लोकांना सांगितलंस की तू पाहिलंस. तू गेलीस.”

थाप दोघींची होती तोवर ती गंमत होती. पण ही थाप दोघींची नव्हतीच. एकटी ताईच इतकी वर्षं दोघींच्या वतीने हसत होती.

“मग हा खेळ नव्हता,” ताई म्हणाली. “मग तू माझं उचललंस.”

“ताई, सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं गं. मला वाटायला लागलं की मी खरंच...”

“आयत्या बिळावर नागोबा,” ताई म्हणाली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर धाकटीला सोपं गेलं असतं. ताईने शेंग पुन्हा उचलली, फोडली, आणि दाणे पातेल्यात न टाकता हातातच धरून बसली.

धाकटीने विचारलं, “मग तू कुठे असायचीस? दिवसभर?”

“आज विचारलंस,” ताई म्हणाली. “आई खाणीवर बाबांच्या जोडीने कामाला लागणार होती. ठरलंच होतं तसं. पण तुझ्याजवळ कोणीतरी हवं होतं, म्हणून ती घरी राहिली आणि तिच्या जागी मी गेले. एवढंच. त्यात रडण्यासारखं काही नाही, बऱ्याच पोरी होत्या. हातोडी मला जड व्हायची, म्हणून बाबांनी दांडा निम्मा कापून दिला. शेजारी एक म्हातारी बसायची, तिने मला चिंध्यांचं कडं करायला शिकवलं. दगड त्या कड्यात ठेवायचा, म्हणजे उडत नाही. डोळे बारीक करून मारायचं. पहिले काही दिवस मी डोळे मिटूनच मारायचे, मग...”

ताई सांगत होती आणि धाकटीच्या डोळ्यांपुढे ते उभं राहत होतं. पांढरी जमीन, वर उगाच एवढंसं आकाश, आणि कोपऱ्यात आखूड दांड्याची हातोडी घेतलेली पोर, डोळे मिटलेली. सावली कुठे पडेल तेही तिला दिसलं. तळ्याच्या एकाही चित्रात नव्हतं असं काहीतरी त्यात होतं, आणि ते काय आहे हे ती शोधू लागली होती.

ताई बोलायची थांबली होती. ती धाकटीच्या हाताकडे बघत होती. तिच्या हातात पेन्सिल होती, मांडीवर वही उघडी होती, आणि कागदावर दोन रेघा ओढूनही झाल्या होत्या. आपण हे केव्हा काढलं, तेच धाकटीला आठवेना.

“ते आत ठेव,” ताई म्हणाली.

“ताई, मी फक्त...”

“आत ठेव म्हणते ना.”

धाकटीने वही पिशवीत टाकली.

“तळं घे,” ताई म्हणाली. “ते मी तुझ्यासाठीच केलं होतं. शेळ्या घे, बदकं घे, कासव घे. त्यांचं काय करायचं ते कर, मी मागायला येणार नाही. पण खाणीतला एक खडासुद्धा देणार नाही. तो माझा आहे. मी कोणाला दाखवलेला नाही, ह्यांनासुद्धा नाही, आणि तू तो फ्रेम करून भिंतीवर लावायचा नाहीस.”

नेमका तेव्हाच प्रकाशकाचा फोन वाजला. नशीब अशा वेळी फार वक्तशीर असतं.

“बाई, पत्ता राहिला,” तो म्हणाला. “फोटोवाला विचारतोय.”

“तळं नाहीये,” धाकटी म्हणाली.

“आटलं का? आटलं तरी चालेल हो! आटलेल्या तळ्याचा फोटो तर आणखी काळजाला भिडेल.”

“आटलं नाही. कधी नव्हतंच. तिथे दगडाची खाण आहे. मी तिथे दोन वर्षं खाटेवर पडून होते, एक दिवससुद्धा घराबाहेर पडले नाही. पुस्तकात जे जे आहे ते माझ्या ताईने मनाने रचलेलं आहे. मी फक्त काढलं.”

तो आवाज खाली आणून म्हणाला, “हे आणखी कोणाला माहीत आहे?”

“आम्हा दोघींना. भाऊजींना. आता तुम्हाला.”

“मग बिघडलं कुठे? फोटोंची पानं काढून टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई.”

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताई शेंगा सोलत होती आणि एक शब्दही सुटू नये अशा कानांनी ऐकत होती.

“प्रत्येक चित्राखाली ‘मी’ आहे,” धाकटी म्हणाली. “चाळीस वेळा. छपाई थांबवा.”

“थांबवा म्हणजे? किती दिवस?”

“ते मला माहीत नाही. थांबवा.”

तो काहीतरी बोलत होता, कराराचं, तारखेचं. ती “हो, कळतंय मला” एवढंच म्हणत राहिली आणि शेवटी फोन ठेवला. तिला वाटलं, आता ताई काहीतरी म्हणेल. शाबास नको, पण काहीतरी.

“झालं?” ताई म्हणाली.

“झालं.”

“मला वाटलं होतं, हे ऐकून मला बरं वाटेल.” ताईने पातेल्यातले दाणे उगाच सारखे केले. “नाही वाटत. माझे रविवार गेले, दुसरं काय? आता तुला काही सांगायला लागले की मला वाटणार, ही लिहून घेतेय.”

आत भाऊजींनी कूस बदलल्याचा आवाज आला. शेजारच्या छपरावर दोन कावळे एका पावाच्या तुकड्यावरून भांडत होते.

“तू सांग,” ताई एकाएकी म्हणाली.

“काय?”

“तुझा एखादा दिवस. माझा नको. दोन वर्षं तूही होतीस त्या घरात, डोळे उघडे होते तुझे. तू काय पाहिलंस ते सांग मला.”

धाकटीने खाट आठवली, खिडकी आठवली, शेंडा आठवला. ते सांगण्यात अर्थ नव्हता. शेंड्यावरचा रंग म्हणजे धूळ होती. मग तिला दार आठवलं.

“तू संध्याकाळी दारात यायचीस तेव्हा तुझे केस ओले असायचे,” ती हळूहळू सांगू लागली. “तू आंघोळ करूनच आत यायचीस. तुझ्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. मी विचारलं की म्हणायचीस, बोरीचे काटे लागले. आणि सांगायला बसलीस की दोन्ही हात मांडीखाली घ्यायचीस.”

ताईचे हात शेंगांवर थांबले. “आणि?” तिने विचारलं.

धाकटीने डोळे मिटले. त्या एकट्या बदकाच्या पंखावरची निळी रेघ तिला लख्ख आठवत होती. शेळीचा कान कुठून फाटला होता ते आठवत होतं. ताईच्या फ्रॉकचा रंग आठवत नव्हता. ताई तेव्हा केवढी होती, वाळली होती का, सांगता सांगता तिला जांभई यायची का, काही आठवत नव्हतं. सातशे संध्याकाळी ती हाताच्या अंतरावर बसलेली होती, आणि धाकटी पाटीकडे बघत होती.

ताई वाट बघत होती. एवढ्या वर्षांत तिने धाकटीकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच,” धाकटी म्हणाली.

ताईने मान हलवली. शेंगांची टोपली उचलून तिने दोघींच्या मध्ये ठेवली आणि धाकटीकडे सरकवली.

“सोल,” ती म्हणाली.

धाकटी सोलू लागली. तिला सवय नव्हती, नखं दुखत होती, निम्मे दाणे चटईबाहेर उडत होते. ताई काही सांगत नव्हती आणि तिनेही काही विचारलं नाही.